समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी

आमच्या नानांच्या घरी जुन्या अरबी किताबांचे एक कपाट होते. त्या किताबांची पाने मला लहानपणी फार विचित्र वाटायची. मधोमध चौकटीत थोडा मजकूर आणि त्याच्या चारी बाजूंनी, तिरपा, आडवा, कधी उलटासुद्धा, बारीक अक्षरातला मजकूर. नाना सांगायचे, मधला तो मतन, त्याचा खुलासा ती शरह आणि बाजूने फिरलेला तो हाशिया. "पोरी, मतन कुणीही पाठ करतो. आलिम ओळखायचा तो हाशियावरून," असे ते म्हणत. मी मराठी शाळेत शिकत होते. मला एवढेच कळायचे की हाशिया म्हणजे आमच्या वहीतला समास, आणि गुरुजी तर समासात काही लिहू देत नाहीत.

हे सगळे मला पुन्हा आठवले ते २००३ च्या जानेवारीत, एका लॉ कॉलेजच्या प्राध्यापकांच्या घरी.

माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह १९९४ चा. पाच वर्षे ती नांदली, एक मुलगी झाली, आणि १९९९ मध्ये मुलीसह माहेरी आली ती आलीच. न्यायला कुणी आले नाही, पैसाही आला नाही. दोन वर्षे वाट पाहून अब्बांनी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज टाकला. तारखा पडत गेल्या. दीड वर्षाने समोरच्याने लेखी म्हणणे दिले. त्यात पाचव्या की सहाव्या परिच्छेदात एक वाक्य होते. अर्जदार बाईला आपण १९९९ सालीच, एका शुक्रवारी, दोन मित्रांसमक्ष तलाक दिलेला आहे, सबब ती आपली पत्नी नाही आणि पोटगी मागू शकत नाही.

कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली आमच्या वकिलांनी ते वाचून दाखवले. बहीण एवढेच म्हणाली, "आपा, मेरा तलाक हुआ और मैंच नै सुनी?"

वकिलांनी मान हलवली. म्हणाले, आता १२५ संपले. घटस्फोटित मुस्लिम बाईसाठी १९८६ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली इद्दतीचा खर्च आणि मेहर मिळेल, तेवढे घ्या आणि मोकळे व्हा. ते वाईट गृहस्थ नव्हते. वर्षानुवर्षे कोर्टात जसे चालत आले तसे ते सांगत होते. नवऱ्याने म्हणण्यात तलाक लिहिला की अर्ज निकाली, असा तो सरळ हिशोब होता.

अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचे शेजारी लॉ कॉलेजात शिकवतात, एवढ्या धाग्यावर मी रविवारी त्यांच्या दारात गेले.

सर हिंदू होते हे सांगायची खरे तर गरज नाही, पण आमच्या घरात तेव्हा त्यावर चर्चा झाली होती, म्हणून सांगते. "हमारे मसले उनको क्या समझेंगे," असे मामू म्हणाले होते. सरांच्या खोलीत नागपूरहून निघणाऱ्या 'महाराष्ट्र लॉ जर्नल'चे खंड भिंतभर लावलेले होते. त्यांनी २००२ चा एक खंड काढून माझ्यापुढे ठेवला. मधे छापील इंग्रजी आणि दोन्ही समासांत पेन्सिलीने, बारीक मराठी अक्षरांत, तिरप्या-आडव्या नोंदी. मला नानांचे कपाटच उघडल्यासारखे वाटले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात मे २००२ मध्ये पूर्णपीठाने दिलेला तो निकाल होता. कायद्याच्या पुस्तकांत तो 'दगडू पठाण' या नावाने ओळखला जातो. सरांनी आधी मला पूर्णपीठ म्हणजे काय तेच समजावले. एका न्यायमूर्तींचा निकाल असतो, दोघांचा असतो. एकाच प्रश्नावर निकाल एकमेकांच्या विरोधात जाऊ लागले किंवा प्रश्नच मोठा असला, की तीन किंवा अधिक न्यायमूर्ती बसवतात, ते पूर्णपीठ. त्याने जे ठरवले ते खालच्या प्रत्येक कोर्टाला बांधील. "तुमच्या तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटलासुद्धा," सर म्हणाले. "फक्त ते तिथपर्यंत पोचायला हवे. अजून पोचलेले दिसत नाही."

त्या निकालात जे म्हटले होते ते थोडक्यात असे. तलाक दिला असे नुसते म्हणण्यात लिहून किंवा साक्षीच्या पिंजऱ्यात सांगून भागत नाही. तलाकला कारण होते, आधी दोन्ही घरच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न झाला, तो फसला आणि मग तलाक प्रत्यक्ष दिला गेला, हे सगळे नवऱ्याने पुराव्याने सिद्ध करायचे. मध्यस्थांचा आधार म्हणून सूरह अन्-निसाच्या पस्तिसाव्या आयतीचा विचार केलेला होता. ती आयत आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती असे नाही. निकाहाच्या बयानात मौलाना साहेबांच्या तोंडून कितीदा ऐकलेली. पण कोर्टात तिचे काही चालते हे कुणाच्या मनात आले नव्हते.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ ऑक्टोबर २००२ ला, सर्वोच्च न्यायालयाने 'शमीम आरा' प्रकरणात तेच धरले. ती बाई अलाहाबादची. तिने १९७९ मध्ये पोटगी मागितली, आणि १९९० मध्ये नवऱ्याने म्हणण्यात लिहिले की मी १९८७ मध्येच तलाक दिला. माझ्या बहिणीचीच गोष्ट, फक्त आमच्या हिशोबाने बारा वर्षे आधीची. न्यायालयाने म्हटले, १९८७ चा तलाक सिद्ध झालेला नाही आणि म्हणण्यात लिहिल्यानेही तलाक होत नाही. १९७९ चा अर्ज आणि २००२ चा निकाल! मधली तेवीस वर्षे मी बोटांवर मोजली.

मी विचारले, मग इतकी वर्षे आमच्याकडे उलटे कसे चालले? त्यावर सरांनी जे सांगितले ते मी आजवर अनेक बायकांना सांगितले आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच मुंबई उच्च न्यायालयात एका इंग्रज न्यायमूर्तींनी तिहेरी तलाकबद्दल असा अभिप्राय दिला की धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो वाईट असेल, पण कायद्याने तो चालतो. त्याच सुमारास मुंबईचे कायदेपंडित दिनशा मुल्ला यांचे मुस्लिम कायद्यावरचे पुस्तक निघाले. त्यात, शहाणा आणि वयात आलेला पुरुष कारण न देता हवा तेव्हा तलाक देऊ शकतो, अशा अर्थाचे कलम होते. वकिलांनी ते पाठ केले, न्यायाधीशांनी उद्धृत केले, आणि भाष्य हेच मूळ होऊन बसले. गंमत अशी की आमचे मामू तोवर समजत होते की 'मुल्ला' म्हणजे कुणी बडे आलिम असणार. दिनशा मुल्ला पारशी होते हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मुल्लांना दोष द्यायचा नाही. त्यांनी कोर्टांत जे चालले होते ते नीट मांडले. पण हाशिया मतनच्या जागी जाऊन बसला की काय होते, ते आमच्या दारात येऊन उभे राहिले होते.

आणि हे उलटवायला पुन्हा भाष्यकारच लागले. सरांनी नावे घेतली. माथेरानला जन्मलेले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले असफ अली असगर फैजी. त्यांचे मुस्लिम कायद्यावरचे पुस्तक १९४९ चे. दिल्ली विद्यापीठातले ताहिर महमूद. ही शिकवणारी माणसे. हातात खटला नाही, अशील नाही, फी नाही. निकाल लागला की तो उलगडून पाहायचा, यात फट कुठे आहे ते लिहायचे आणि पुढच्या वर्गाला शिकवायचे. न्यायमूर्तींमध्येही असे वाचणारे होते. केरळमध्ये कृष्ण अय्यर, गुवाहाटीत बहारुल इस्लाम. त्यांचे सत्तरच्या दशकातले आणि पुढचे निकाल 'शमीम आरा'त आधार म्हणून आले आहेत.

सर त्यांच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी विचारत. शाहबानो खटल्यात रक्कम किती होती? उत्तर येत नसे. मलाही आले नाही. मॅजिस्ट्रेटने दरमहा २५ रुपये दिले होते, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढेच कायम केले. सगळा देश ज्यावर पेटला तो समान नागरी कायद्याबद्दलचा शेरा निकालाचा भाग नव्हता, तो जाता जाता केलेला शेरा होता. कुणावरही बंधनकारक नसलेला. "निकाल काय आणि शेरा काय हे वेगळे करणे, एवढेच माझे काम," ते म्हणाले. मला वाटते, हे एवढे काम १९८५ मध्ये आपल्या मोहल्ल्यांत आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत कुणी नीट केले असते, तर पुष्कळ घसे बसायचे वाचले असते. मी तेव्हा कॉलेजात होते. मोर्चात मीही गेले होते. त्या बाईला महिना किती मिळणार हे विचारायचे माझ्याही डोक्यात आले नव्हते.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या वकिलांनी सांगितली नव्हती. तलाक खरा धरला तरी १९८६ च्या कायद्याखाली फक्त इद्दतीपुरता खर्च द्यायचा असे नाही. तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीत करायची, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये, डॅनियल लतीफी प्रकरणात, सांगितलेले होते. म्हणजे दोन्ही दारे उघडी होती आणि आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

मी दोन्ही निकालांच्या झेरॉक्स घेतल्या. वकिलांनी त्या वाचल्या आणि, हे त्यांच्या मोठेपणाचे, "मला हे ठाऊक नव्हते," असे साफ सांगितले. मग ते जोमाने लढले.

पण घरात दुसराच पेच उभा राहिला. अम्मीने मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, कोर्टाचे कोर्ट जाणे, पण नवऱ्याने स्वतःच्या सहीने कबूल केले आहे की तलाक दिला. आपल्या फिकहमध्ये इकरार म्हणजे इकरार. निदान ज्या दिवशी त्याने लिहून दिले त्या दिवसापासून तरी मुलीने इद्दत पाळावी. अम्मीचे मन तिथेच थांबले. वकील म्हणाले, अजिबात नको! इद्दत बसली म्हणजे तलाक मान्य केला असे समोरचा म्हणेल. दोघे आपापल्या जागी बरोबर होते. बहीण मधे बसली होती आणि तिच्या मांडीवर मुलगी झोपली होती.

मी पुन्हा सरांकडे गेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हा प्रश्न निकालात नाही. तलाक सिद्ध करायचे ओझे नवऱ्यावर आहे. तिने आपल्या मनाच्या समाधानासाठी घरात काय पाळले, त्याने ते ओझे उतरत नाही. पाळायचे असेल तर पाळू द्या, विचारले तर खरे सांगा. बहिणीने इद्दत पाळली. मधे एक तारीख आली, तेव्हा मौलाना साहेबांनीच सांगितले, गरजेचे काम आहे, जाऊन ये. उलटतपासणीत तिला विचारलेही. ती म्हणाली, "अम्मीके वास्ते बैठी." लेखनिकाने ते मराठीत कसे लिहून घेतले देव जाणे, पण साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले होते.

कोर्टाने कुराणाचा अर्थ लावावा का, हा वाद आपल्या मासिकाच्या वाचकांना नवा नाही. मौलाना साहेबांना तो निकाल आवडला नव्हता आणि त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. फिकह हे शतकांच्या मेहनतीचे शास्त्र आहे, एका निकालात ते बसत नाही. मी सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, आक्षेप रास्त आहे. पण शंभर वर्षे कोर्ट जो अर्थ लावत होते तोही अर्थच होता की! तेव्हा कुणी का विचारले नाही? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

२००४ मध्ये मॅजिस्ट्रेटने हुकूम केला. तलाक शाबीत नाही. बहिणीला ६०० आणि मुलीला ४०० रुपये दरमहा. समोरचा सेशन्स कोर्टात गेला, तिथेही हरला. अब्बांनी पेढे वाटले. पेढ्याचा पुडा तसाच हातात धरून बहीण माझ्याजवळ आली. "म्हणजे मी अजून त्याची बायकोच?"

तिच्या नवऱ्याचे दुसरे लग्न २००० मध्येच झालेले होते. आणि पुढच्या महिन्यात त्याची नोटीस आली. तू माझी पत्नी आहेस असे कोर्टानेच म्हटले आहे, तर नांदायला ये. ज्याने म्हणण्यात तलाक लिहिला होता, तोच आता नांदायला बोलावत होता. मशिदीच्या हिशोबाने ती सुटलेली, कोर्टाच्या हिशोबाने बांधलेली.

ती नोटीस घेऊन मी सरांकडे गेले तेव्हा त्यांनी तोच खंड काढला आणि पान उघडले. निकाल जिथे संपतो तिथे खाली, समासात, पेन्सिलीने लिहिले होते, "आणि तिलाच पत्नी राहायचे नसेल तर? १९३९." पुढे प्रश्नचिन्ह. तारीख घातलेली होती, जुलै २००२. म्हणजे आमची ओळख होण्याच्या सहा महिने आधीची. एकट्या खोलीत, कुणी विचारलेले नसताना, या माणसाने न पाहिलेल्या कुणा बाईसाठी हा प्रश्न लिहून ठेवला होता. मला रडू आले. सर गडबडून चहा सांगायला आत गेले.

१९३९ म्हणजे मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा. नवऱ्याने दोन वर्षे पोटगी दिली नाही, एवढे कारणही बाईला निकाह मोडून मागायला पुरते. हा कायदा खास मुस्लिम बायकांसाठी झालेला. अनेक मुस्लिम बायकांना तो ठाऊकच नसतो. मला नव्हता. बहिणीने दावा टाकला, २००७ मध्ये हुकूमनामा झाला. अम्मीने तिला पुन्हा इद्दत पाळायला लावली. एका निकाहासाठी दोनदा इद्दत बसलेली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. ती स्वतः आता हे हसून सांगते. तेव्हा हसली नव्हती.

सर २०१६ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी २२ ऑगस्टला तिहेरी तलाकचा निकाल आला. पाच न्यायमूर्ती, तीन विरुद्ध दोन, आणि त्या तिघांचीही कारणे एक नाहीत, त्यांतल्या न्या. कुरियन जोसेफ यांनी 'शमीम आरा'चाच आधार घेतलेला. टीव्हीवर नुसता जल्लोष किंवा नुसता संताप चालला होता. मी शेजारच्या मुलाकडून निकाल काढून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. मी कायदा शिकलेली नाही. मुलांना भूगोल शिकवण्यात माझी नोकरी गेली. पण तिघांपैकी कोण कशामुळे त्या निर्णयाला आला, एवढे समासात लिहून काढायला मला चार दिवस लागले, आणि मग मोहल्ल्यातल्या बायकांना ते सांगता आले. दोघी-तिघींनी विचारले, यात पोटगीचे काय? मी सांगितले, या निकालात काहीच नाही.

१० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. तलाक झालेली मुस्लिम बाईसुद्धा कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. १९८६ चा कायदा तिच्या वाटेत आडवा येत नाही. खटला तेलंगणातला. संध्याकाळी मी बहिणीकडे गेले. ती भाकऱ्या करत होती. मी ओट्याला टेकून मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या वेळी हे असते तर म्हणण्यातल्या त्या एका वाक्याने आपले काहीच बिघडले नसते, असेही म्हटले.

"रक्कम किती?" तिने विचारले.

"फॅमिली कोर्टाने वीस हजार दिले होते. हायकोर्टाने दहा केले. अंतरिम."

"म्हणजे अजून तारखा आहेत," ती म्हणाली, आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.